वैरानं जगवलेलं लॅव्हेंडर

नवऱ्याचा इंग्रज फोरमन बहरीन सोडून कायमचा मायदेशी गेला आणि जाताना आपली लॅव्हेंडरची झाडं माझ्या नवऱ्याला देऊन गेला. त्या दिवसापासून आमच्या घरात जी भांडणं लागली, ती मी भारतात परतले तोवर मिटली नाहीत. घरात झाडं असली की मन प्रसन्न राहतं असं लोक सांगतात. आमच्या घरी तसं काही झालं नाही.

हे सगळं सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. आम्ही बहरीनच्या हूरा वस्तीत राहायचो, एका तीनमजली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. एक खोली, एक हॉल, अंधारं स्वयंपाकघर. हॉलच्या खिडकीसमोर एका हॉटेलची मागची भिंत. नवरा सित्र्याच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. कंपनीची बस त्याला कोपऱ्यावरून घेऊन जायची आणि तिथंच आणून सोडायची. मी इथं त्याला 'तो' म्हणतेय. समोर 'अहो' म्हणायचे, आजही म्हणते. पण लिहिताना तो मान द्यायला हात वळत नाही.

तो दारू प्यायचा नाही. हातही उचलायचा नाही. त्यामुळे माझं गाऱ्हाणं कुणाला पटायचंच नाही. आई म्हणायची, "तुला कमी काय आहे?" कमी एवढंच होतं की लग्न झाल्यापासून त्यानं मला एकच वाक्य ऐकवलं होतं, "तुला काय कळतंय?" पासपोर्टचा विषय असो की आमटीतल्या मिठाचा. ते तो ओरडून म्हणायचा नाही. पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा. ओरडला असता तर परवडलं असतं.

आणि साहेबाच्या बंगल्यावर मात्र हाच माणूस शुक्रवारी, म्हणजे आमच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी, बागेत राबायला जायचा. आम्हाला समुद्रावर न्यायला त्याला वेळ नसायचा. साहेबाच्या कुंड्यांतली माती बदलायला असायचा. का, तर साहेब म्हणायचा, "यू हॅव अ गुड हँड." हे तो घरी येऊन मला दोन-दोनदा सांगायचा.

झाडं तीन जातींची होती. एकीची पानं कडेनं करवतीसारखी कापलेली, ती दातेरी. दुसरीची पानं शेपूसारखी चिरलेली, नाजूक. आम्ही तिला शेपूवालीच म्हणायचो. तिसरी पांढुरकी, पानांवर लोकर असावी तशी लव. तिघी नाजूक, थंडी न सोसणाऱ्या. इंग्लंडात त्या बर्फात मरतात, म्हणून तिकडचे लोक हिवाळ्यात त्यांना काचघरात किंवा खिडकीत ठेवतात. साहेबानं जाताना तेच सांगितलं. हिवाळा आला की घरात घ्या, उजेडाला ठेवा, पाणी कमी घाला. सांगणारा इंग्लंडातल्या हिवाळ्याबद्दल बोलत होता. ऐकणाऱ्यानं ते वेदवाक्य मानलं.

बहरीनचा हिवाळा म्हणजे काय? आपल्याकडच्या घाटावर डिसेंबरात पडते तेवढी थंडी. बर्फाचं नाव नाही. पण उत्तरेकडून शमाल नावाचा वारा सुटतो, तो वाईट. समुद्रावरचं मीठ आणि वाळवंटातली धूळ दोन्ही घेऊन येतो, आणि पानांची टोकं जाळून टाकतो. आणि पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो, पण पडला की गच्च्यांची तळी होतात, कारण तिथं कुणी पावसाचा विचार करून घरं बांधत नाही. लॅव्हेंडरला मारतं ते मुळाशी साचलेलं पाणी आणि कोंदट हवा. हे मला नंतर कळलं. पहिल्या हिवाळ्यात मला एवढंच कळलं की माझा हॉल गेला.

त्यानं स्वेटर बाहेर काढला त्या दिवशी गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या खाली घरात आणल्या. मी विचारलं, "ह्या कुठं ठेवायच्या?"

"जागा बघ ना."

"जागा कुठंय?"

"तू थोडी सरक."

फ्रिजवर कुंडी, ट्रंकेवर कुंडी, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर कुंड्या, न्हाणीघराच्या खिडकीत कुंडी. धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. लॅव्हेंडरचा वास म्हणजे साबणाच्या वेष्टनावरचा गोड वास असं लोकांना वाटतं. दातेरीचा वास तसा नसतो, कापरासारखा उग्र असतो. बंद खोलीत तो भाताला लागायचा, ताकाला लागायचा, उशीच्या अभ्र्यांना लागायचा. माझं डोकं दुपारपासून ठणकायला लागायचं. मुलगी इंग्रजी शाळेत जायची, घरातही इंग्रजीतच उत्तर द्यायची. ती टेबलापाशी बसून म्हणायची, "मम्मी, आय कान्ट ब्रीद इन हिअर." मी म्हणायचे, "पप्पांना सांग." ती सांगायची नाही. तिलाही तेच वाक्य ऐकायला मिळायचं, इंग्रजीत.

नळाचं पाणी खारट, म्हणून पिण्याचं गोडं पाणी आम्ही कॅनमधून आणायचो. त्यातलं पाणी झाडांना आधी. सकाळी कामावर जायच्या आधी तो प्रत्येक कुंडीत बोट घालून बघायचा, वाळकं पान दिसलं की अलगद उचलायचा. मी शेजारी डबा भरत उभी असायचे. एकदा मला ताप होता तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला नाही. "गोळी घे" म्हणाला आणि शेपूवालीकडं गेला.

महिन्याभरात झाडं लांबट, लुळी झाली. खालची पानं काळी पडून गळायला लागली, मातीवर करडी बुरशी धरली. त्याचा दोष कुणाचा? माझा.

"फोडणीचा धूर लागतोय त्यांना," तो म्हणाला. "आणि मासे. तेलाची वाफ पानांवर बसते. हिवाळाभर घरात मासे तळायचे नाहीत."

"मग कुठं तळायचे? कोपऱ्यावर, बसस्टॉपजवळ?"

"न तळून चालतं की. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी चिपळूणजवळच्या खाडीकाठची. बहरीनला हिवाळ्यात मासळी उत्तम मिळायची, स्वस्त आणि ताजी. त्या दिवसापासून मी मासे खालच्या मजल्यावर नेऊन तळायला लागले. खाली रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात क्लार्क होता. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणायचे. ती माझ्याहून थोडी मोठी, जाडजूड आणि खळखळून हसणारी. पहिल्या दिवशी मी हळद-मीठ लावलेले तुकडे घेऊन दारात उभी राहिले तेव्हा ती म्हणाली, "अगो बाय, झाडांसाठी माणसाला घराबाहेर काढतात?" मी म्हटलं, "माणसाला नाही, माशांना." ती हसली. मला हसू आलं नाही.

असे दोन हिवाळे गेले. दर हिवाळ्यात झाडं अर्धमेली व्हायची, उन्हाळ्याआधी गच्चीवर जाऊन थोडी सावरायची, मग सावलीसाठी बांधलेल्या जाळीखाली ऊन सोसत कशीबशी तग धरायची. प्रत्येक मेलेली फांदी माझ्या नावावर.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याची आई गावी आजारी पडली. डिसेंबरच्या सुरुवातीला तो लांबलचक लीव्ह घेऊन निघाला. बॅग दाराशी ठेवून तो मला सांगत होता, "रोज सकाळी बघायचं. माती कोरडी लागली तरच पाणी. खिडकी उघडायची नाही. आणि मासे—"

"कळलं."

"नीट ऐक. तुला वाटतं तितकं सोपं नाही ते."

टॅक्सी वळली आणि मी पदर खोचला. दुपारपर्यंत एकूण एक कुंडी मी गच्चीवर नेली. मुलगी शाळेतून आली, तिलाही कामाला लावलं. जिन्यात ती म्हणाली, "पप्पा विल किल यू."

"मारू दे. आधी ही कुंडी उचल."

खिडक्या उघडल्या, हॉल धुऊन काढला, आणि संध्याकाळी माझ्या घरात, माझ्या चुलीवर बांगडे तळले. त्या तळणाची चव मला अजून आठवते.

झाडं जगावीत म्हणून मी ती वर नेली नव्हती, हे स्पष्ट सांगते. मला ती डोळ्यांसमोर नको होती. पण दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला गेले तेव्हा वारा सुटलेला होता आणि झाडं उघड्यावर थरथरत होती. तेव्हा मनात आलं की ही मेली तर तो जिंकला. आयुष्यभर ऐकवील की मी सांगून गेलो होतो, हिनं मारली. त्याला तेवढं सुख मी देणार नव्हते. झाडं जगवायची ठरवली ती अशी, रागानं.

गच्चीवर पाण्याच्या टाक्यांसाठी एक बुटकी भिंत होती. तिच्या दक्षिणेला वारा लागायचा नाही आणि दिवसभर ऊन असायचं. कुंड्या मी तिथं भिंतीला टेकून मांडल्या. गच्चीत पाणी तुंबतं हे माहीत होतं, म्हणून खाली विटा घातल्या. भाभीच्या नवऱ्यानं दुकानातल्या खोक्यावरची निळी ताडपत्री आणून दिली. कपड्यांच्या खांबांना ती उतरती बांधली, पाऊस पडला तर पाणी मागं जावं अशी. बाजू मुद्दाम मोकळ्या ठेवल्या. बंद हॉलमध्ये काय होतं ते मी दोन हिवाळे नाकानं भोगलं होतं.

शमाल येऊन गेला की सकाळी पानांवर पांढरट थर बसलेला असायचा. गोड्या पाण्यानं तो धुवायचा, फांद्या झटकायच्या आणि उन्हात वाळू द्यायच्या. पाणी क्वचित, तेही सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत माती ओली राहू नये. गळलेलं पान कुंडीत राहू द्यायचं नाही. यात अवघड काही नव्हतं. पोर सांभाळलेल्या कुठल्याही बाईला जमेल असं होतं.

जानेवारीत दातेरीला फुलं आली. फिकट जांभळे तुरे, वर झालरीसारख्या पाकळ्या. शेपूवालीला तीन-तीन टोकांची निळी कणसं. फांद्या आखूड आणि ताठ, घरातल्यासारख्या लोंबत्या नाहीत. मला प्रेमबिम काही वाटलं नाही. कोर्टात खटला जिंकल्यावर माणसाला जे वाटतं, ते वाटलं.

भाभी वर आली तेव्हा म्हणाली, "फांद्या लाव ना गो. गावाला आपण जास्वंद नाही लावत?" फूल न आलेल्या कोवळ्या फांद्या तिनंच तोडून दिल्या. खालची पानं काढून, मातीत अर्धी वाळू मिसळून आम्ही त्या दूध पावडरच्या डब्यांत खोचल्या. डबे तिनं आपल्या खिडकीत ठेवले. लोकरीच्या दोनच फांद्यांनी मूळ धरलं, दातेरीच्या बहुतेक सगळ्यांनी.

तो परत आला तेव्हा मी सुरमई तळत होते. आईची तब्येत सावरली होती, तेवढं त्यानं सांगितलं. मग हॉलमध्ये थांबला.

"झाडं?"

"वर."

बूट न काढता तो जिन्यावर धावला. बराच वेळ खाली आला नाही. मी खोटं कशाला बोलू, त्या वेळात मी वाट बघत होते. एखादा शब्द येईल अशी. 'बरी दिसतात' एवढं म्हणाला असता तरी मी पुरवून पुरवून वापरलं असतं.

तो खाली आला. "मी घरात ठेवायला सांगितलं होतं. तू उघड्यावर टाकलीस."

"फुलली ना?"

"नशिबानं वाचली."

"नशीब कसलं? मी रोज—"

"तुला काय कळतंय?"

आणि त्याच दिवशी, प्रवासाचे कपडे अंगावर असताना, त्यानं एकेक करून सगळ्या कुंड्या खाली आणल्या. भरल्या फुलांनी. फ्रिजवर, ट्रंकेवर, टेबलावर. खिडकी बंद केली. मी गॅस बंद केला आणि अर्धी सुरमई घेऊन खाली भाभीकडं गेले.

होळीपर्यंत लोकरीचं झाड कुजलं. खोड बुडाशी काळं पडलं, हात लावला तर पानं गळून आली. त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि मला काही सांगितलं नाही. मीही भाभीच्या खिडकीतल्या डब्यांबद्दल काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मात्र लपवण्यासारखं राहिलं नाही. माझी झाडं डब्यांतून कुंड्यांत आली, कुंड्या टाकीच्या भिंतीला लागल्या, वर निळी ताडपत्री बांधली. त्याची झाडं हॉलमध्ये. इमारतीत लोकांना करमणूक झाली. कुणी जिन्यात भेटलं की विचारायचं, "वरची बरी आहेत की खालची?" तो मान खाली घालून निघून जायचा. रोज टॉवेल वाळत घालायला तो गच्चीवर यायचा, माझ्या फुललेल्या रांगेसमोरून जायचा, आणि खाली येऊन आपल्या लुळ्या फांद्यांना कापूस लावलेल्या काडीनं पुसत बसायचा. माझ्यासारखं करून बघायला त्याला कुणी अडवलं नव्हतं. पण माझ्या पद्धतीनं जगलेल्या झाडापेक्षा त्याच्या पद्धतीनं मेलेलं झाड त्याला बरं वाटत होतं.

तोवर मी एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागले होते. एका थंडीत, ऐंशी साल उलटून गेल्यावर, मी बालवाडीत असताना सकाळीच आभाळ भरून आलं आणि दुपारपर्यंत असा पाऊस कोसळला की हूऱ्याच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचलं. मुलांना न्यायला आईबाप येईपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो. मला झाडांची काळजी नव्हती. ताडपत्री मी स्वतः बांधली होती, गाठी घट्ट होत्या.

पाण्यातून चालत मी इमारतीपाशी आले. आमची जुनी डॅटसन गाडी खाली उभी होती. तिच्यावर माझी निळी ताडपत्री. चारी बाजूंनी दोरीनं व्यवस्थित आवळलेली.

मी आधी गच्चीवर गेले. पाणी जायचं भोक गाळानं बुजलेलं, विटा पाण्याखाली, कुंड्या कडेपर्यंत भरलेल्या. काही पाण्यात आडव्या पडल्या होत्या.

त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती, त्यामुळे तो दिवसा घरी होता. मी आत शिरले तेव्हा हॉलमध्ये आपल्या कुंड्यांच्या मधोमध बसून चहा पीत होता.

"ताडपत्री तुम्ही काढलीत?"

"गाडीच्या काचेतून पाणी आत जात होतं. सीट भिजल्या असत्या."

"झाडं बुडाली माझी."

"पाण्यानं कुठं झाडं मरतात?" त्यानं बशी खाली ठेवली. "आणि तुझी तर दणकट ना? उघड्यावर वाढलेली."

मी स्वयंपाकघरातून सुरी घेतली. तो उठून उभा राहिला, त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. मी खाली गेले, दोऱ्या कापल्या, ताडपत्री ओढून काढली. तो खिडकीतून बघत होता. पाऊस त्याच्या डॅटसनच्या काचेतून आत चालला होता. जाऊ दे म्हटलं.

पण गच्चीवर आता ताडपत्री बांधून उपयोग नव्हता. पाण्यानं भिजलेली मुळं लवकर सुटी केली नाहीत तर कुजतात. कुंड्या कोरड्यात आणायला हव्या होत्या, आणि कोरडी जागा एकच होती. मी हॉलमधली त्याची पहिली कुंडी उचलली आणि बाहेर जिन्याच्या चौथऱ्यावर ठेवली. मग दुसरी.

"काय करतेस?"

"हॉल मोकळा करतेय."

"हात लावू नकोस त्यांना!"

"आज ही जागा माझी आहे. चार वर्षं तुमची होती."

त्यानं तिसरी कुंडी माझ्या हातातून ओढली. मी सोडली नाही. ती फुटली नाही, पण माती दोघांच्या अंगावर सांडली. मग जे मनात साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. साहेबाचे शुक्रवार, मासे, तो ताप, सगळं. तोही ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याचा चढलेला आवाज ऐकला, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. "तुला प्रत्येक गोष्टीत मला हरवायचं असतं," तो ओरडत होता. "एक गोष्ट माझी होती. एक! त्यातसुद्धा तू घुसलीस!" मी म्हटलं, "मला ढकललीत तुम्ही तिच्यात." भाभी धापा टाकत वर आली. मुलगी खोलीच्या दारात उभी राहून किंचाळली, "स्टॉप इट! बोथ ऑफ यू, जस्ट स्टॉप इट!"

तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

भाभीनं आणि मी माझी झाडं हॉलमध्ये आणली. कुंड्या तिरप्या करून पाणी काढलं, मुळांचे गड्डे बाहेर काढून वर्तमानपत्रांवर ठेवले, पंखा लावला, खिडक्या सताड उघडल्या. मग कोरड्या वाळूत पुन्हा लावली. इतकं करूनही आठवडाभरात निम्मी गेली. ती बुडापासून काळी पडत जाताना मी रोज बघत होते. पण शेंडे हिरवे होते तोवर मी ते कापले आणि पुन्हा डब्यांत खोचले. लोकरीचं एक वाचलं.

त्याची झाडं जिन्याच्या चौथऱ्यावरच राहिली, कारण हॉल मी परत दिला नाही. तिथं एका बाजूच्या उंच झरोक्यातून ऊन यायचं आणि खालून वर सतत हवा खेळायची. महिना उलटायच्या आत त्यांना बुडापासून जाड, आखूड फुटवे आले. येता-जाता ते त्यालाही दिसत होते. त्यानंतर एकाही हिवाळ्यात त्यानं झाडं घरात आणली नाहीत. त्याची जिन्यात, माझी गच्चीवर, आणि मासे माझ्या घरात. याला कुणी तडजोड म्हणेल. मी म्हणणार नाही. आम्ही जेवणाच्या वेळी मीठ मागण्यापुरतं बोलत होतो.

आणखी तीन-चार वर्षं अशी गेली. मुलीची दहावी जवळ आली तेव्हा मी तिला घेऊन चिपळूणला परतायचं ठरवलं. तिथली शाळा चालली असती, पण मला ते घर चालत नव्हतं. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जा."

माझ्या कुंड्या मी भाभीला दिल्या. तिचा दीर शहराबाहेर अरादला अंगण असलेल्या घरात राहत होता, तिथं त्या जाणार होत्या. हिवाळ्यात काय करायचं ते मी तिला सांगत होते, की वाऱ्याच्या आड लाव, बुडाशी खडी घाल, पाणी साचू देऊ नकोस, फुलं संपली की हिरव्या भागापर्यंतच छाट, खालच्या लाकडात कात्री घालू नकोस. ती म्हणाली, "सगळं करते गो. जगतील, इंशाल्ला."

निघायच्या सकाळी, सामान टॅक्सीत भरल्यावर, नवरा माझ्याजवळ आला. मुलगी पुढं बसली होती.

"लोकरीचं एक माझ्यासाठी ठेवायचं होतंस," तो म्हणाला.

"भाभीकडं आहे. तिच्याकडं मागा."

त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघायला थांबले नाही. दार ओढून घेतलं.

तो मागून आणखी दोन-तीन वर्षं तिथं होता. मग नोकरी संपली, व्हिसा संपला आणि तो चिपळूणला आला. येताना टीव्ही आणला, ब्लँकेटं आणली, एकही झाड आणलं नाही. मी इथं आल्यावर भाभीनं पाठवलेल्या फांद्या लावून बघितल्या होत्या. कोकणच्या पावसानं एका जुलैत त्या संपवल्या. ताडपत्री, विटा, कशाचा उपयोग नाही. तीन महिने हवाच ओली, तिथं कोण काय करणार?

पुढं भाभी सुट्टीवर रत्नागिरीला आली तेव्हा मला भेटायला आली. आम्ही ओटीवर बसलो. नवरा पलीकडं पेपर वाचत होता. भाभी सांगत होती की अरादच्या अंगणात दातेरीचं कुंपण झालंय, दीर फुलं तोडून मशिदीतून येणाऱ्या म्हाताऱ्यांना देतो, आणि लोकरीचं झाड कमरेएवढं झालंय.

"तुझा नवरा मागायला आला नाही कधी," ती मला हळूच म्हणाली. "मी ठेवलं होतं एक, बाजूला."

ते त्याला ऐकू गेलं असावं. पेपर खाली न करता त्यानं विचारलं, "हिवाळ्यात काय करता त्याचं?"

"तुमची बायको सांगून गेली तेच," भाभी म्हणाली.

त्यानं पान उलटलं. मी आत जाऊन तिघांचा चहा केला. त्याचा कप त्याच्यासमोर कठड्यावर ठेवला आणि भाभीकडं तोंड करून, त्याच्याकडं पाठ करून बसले.